धुवा, वाळवा, टाका

आमच्या घरात कचरा होत नाही, ही गोष्ट नगरपालिकेच्या ध्यानात यायला दोन वर्षं लागली. आमच्या ध्यानात ती पत्र आल्यावर आली.

सरकारी पत्र मी उभं राहून वाचतो. नोंदणी कार्यालयात वरिष्ठ लिपिक म्हणून सव्वीस वर्षं काढली की ही सवय लागते. आजवर असली पत्रं मी दुसऱ्यांना पाठवत आलो. स्वतःच्या नावाचं हे पहिलंच. ‘विषय : आपल्या निवासस्थानाच्या निळ्या डब्यात सुका कचरा आढळून न आल्याबाबत.’ मला दरदरून घाम फुटला, पण भाषा निर्दोष होती हे कबूल केलं पाहिजे.

आमच्याकडे प्रत्येक घराला दोन डबे आहेत. हिरवा ओल्या कचऱ्याचा, निळा सुक्याचा. डब्याच्या बुडाला एक चकती बसवलेली असते. घंटागाडी आली की तिचा लोखंडी हात डबा उचलतो, वजन करतो आणि ते परस्पर कचेरीत कळवतो. सुक्या कचऱ्याचं अपेक्षित प्रमाण घरटी दरमहा अकरा किलो. आमच्या नावापुढे शून्य. सलग चोवीस महिने शून्य. फक्त मागल्या महिन्याच्या चौदा तारखेला तीन किलो दोनशे ग्रॅम, ‘परंतु सदर वजन डबा उचलताच उडी मारून पळून गेल्याचे वाहनचालकाने कळविले आहे.’

“ते पलीकडच्यांचं मांजर,” बायको म्हणाली. “रोज झोपतं तिथे. रिकामा डबा, ऊबदार जागा.”

पत्राच्या शेवटी लिहिलं होतं : ‘सबब, आपण कचरा अन्यत्र टाकीत आहात, जाळीत आहात अथवा दडवून ठेवीत आहात असा समज का करून घेऊ नये, याचा लेखी खुलासा सात दिवसांत करावा.’

“दडवून ठेवलाय म्हणे!” बायको फिस्कारली. “कचरा म्हणजे काय दागिने आहेत?”

आणि मग आम्ही दोघांनीही, एकमेकांना न सांगता, स्वयंपाकघराकडे पाहिलं. आत आई मोरीपाशी उभी होती आणि कॉफीच्या रिकाम्या बरणीला आतून बोट घालून साबण लावत होती.

ह्याचं मूळ दोन वर्षांपूर्वीच्या एका माहितीपत्रकात आहे. ते मीच आणून फ्रिजच्या दारावर चिकटवलं होतं. सुक्या कचऱ्यासाठी त्यात चार सूचना होत्या. एक, वेगळा करा. दोन, धुवा. तीन, वाळवा. चार, निळ्या डब्यात टाका. आईने चष्मा लावून ते पत्रक दोनदा वाचलं. पंचाहत्तरी ओलांडलेली बाई. पण कामाला लागली तर तरुणांनी तोंडात बोटं घालावीत. पहिल्याच दिवशी तिने एक बरणी वेगळी केली, गरम पाण्याने धुतली, उन्हात वाळवली आणि खिडकीशी नेऊन उजेडात फिरवून पाहिली.

“आता ही कचरा कशी?” तिने विचारलं.

“आई, चौथी सूचना वाच. टाका.”

“धुतलेली वस्तू कुणी टाकतं का रे? टाकायचीच होती तर धुवायला कशाला सांगितली?”

सव्वीस वर्षांच्या नोकरीत मला बऱ्याच प्रश्नांची उत्तरं परिपत्रकात सापडली आहेत. याचं नाही सापडलं. तेव्हापासून आमच्या घरात पहिल्या तीन सूचनांचं शंभर टक्के पालन होतं आणि चौथीची वेळच येत नाही. मागल्या खोलीत भिंतभर लाकडी फडताळ आहे. त्यात बरण्या उंचीप्रमाणे उभ्या असतात, झाकणं वेगळ्या टोपलीत, पिशव्यांच्या त्रिकोणी घड्या, सुतळीचे गुंडे, खोक्यात खोकं आणि त्यात आणखी एक खोकं. काही बरण्या तर माझ्या लहानपणापासूनच्या आहेत. गल्लीत कुणाला काही लागलं तर माणसं दुकानाच्या आधी आमचा जिना चढतात, आणि ‘काय काकू, केवढं हे भंगार!’ असं म्हणत हवं ते घेऊन उतरतात.

मी खुलासा लिहिला. ‘आमच्या घरी सूचना क्र. १ ते ३ यांचे तंतोतंत पालन होत असल्याने सूचना क्र. ४ लागू होण्याजोगा कचरा शिल्लक राहत नाही.’

“अहो, हे पाठवू नका,” बायको म्हणाली.

“का? खरं आहे ना?”

“म्हणूनच.”

पण मी नाकासमोर चालणारा माणूस. पाठवलं. चौथ्या दिवशी कचरा निरीक्षक दारात हजर.

निरीक्षकबाई चांगली होती हो. तिशीतली, हसतमुख, हातात रबरी मोजे आणि बगलेत टॅब. आईने तिला आधी पाणी दिलं, मग चहा, मग फडताळ दाखवलं. बाईने वरच्या खणापासून खालच्या खणापर्यंत नजर फिरवली.

“आजी, हा सगळा कचरा तुमचा?”

“कचरा कसला गं? वास घेऊन बघ.”

बाईने खरोखर एका बरणीत नाक घातलं. कशाचाच वास आला नाही. तिने मोजायला सुरुवात केली.

“एकशे चौदा बरण्या.”

“एकशे पंधरा,” आई म्हणाली. “एक तुझ्या पाठीमागे आहे. तिच्यात बटणं आहेत.”

खरी अडचण त्यानंतर सुरू झाली. टॅबवरच्या अर्जात ‘कचऱ्याची विल्हेवाट कशी लावली?’ असा रकाना होता आणि त्याखाली चारच पर्याय : जाळला, पुरला, अन्यत्र टाकला, इतर. ‘धुऊन ठेवला’ असा पर्यायच नव्हता.

“मग इतर लिहा,” मी म्हणालो. हे सगळं माझ्या रोजच्या व्यवहारातलं.

“इतर दाबलं की अर्ज पुढेच जात नाही, साहेब. गेली तीन वर्षं अडकतोय.” बाईने बोट चारही पर्यायांवरून फिरवलं. “जाळलेला तर नाही. अन्यत्र टाकला म्हटलं तर दंडाचं कलम लागतं. त्यातल्या त्यात ‘पुरला’ सौम्य आहे. पुरला म्हणू?”

“म्हणा,” मी म्हणालो. कागद पुढे सरकला पाहिजे, ही आमची नोकरीतली पहिली शिकवण.

बाईने ‘पुरला’ दाबलं. लगेच पुढचा रकाना उघडला : खड्ड्याची खोली. तो रिकामा सोडता येत नव्हता. बाईने माझ्याकडे पाहिलं, मी बाईकडे पाहिलं. शेवटी तिने टेप काढून फडताळाची खोली मोजली. दोन फूट. ते भरलं. मजला कितवा? पहिला. तेही भरलं. अर्ज एकदाचा गेला आणि आम्ही दोघांनी सुटकेचा नि:श्वास टाकला.

निघताना बाई दारात जरा घुटमळली. “आजी, ती रुंद तोंडाची... माझ्याकडे तशीच होती, परवा फुटली.”

आईने दोन बरण्या काढल्या, मधे फडकं घालून पिशवीत बांधून दिल्या. बाईने रस्त्यावर कुणी नाही असं पाहून पिशवी मोज्यांखाली दडवली.

आठवड्याने सुनावणीची नोटीस आली. नगरपालिकेच्या नोंदीनुसार आम्ही पहिल्या मजल्यावर दोन फूट खोल खड्डा खणून त्यात कचरा पुरला होता. प्रकरण आता इमारतीच्या सुरक्षिततेचं झालं होतं, म्हणून आमच्या खाली राहणाऱ्या खोकेकाकांनाही साक्षीला बोलावलं होतं. हे निवृत्त बँकवाले. घरी बसून रोज काही ना काही मागवतात, आणि रोज त्यांच्या दाराशी एक खोकं येऊन पडतं. म्हणून अख्खी गल्ली त्यांना खोकेकाका म्हणते.

वर्गीकरण अधिकारी शांत गृहस्थ होते. त्यांनी आधी काकांना विचारलं, “वरच्या मजल्यावरचा खड्डा आपल्या छतातून दिसतो का?”

काका प्रामाणिक माणूस. थोडा विचार करून म्हणाले, “अजून तरी नाही दिसला.”

‘अजून तरी’ हे शब्द लिहून घेण्यात आले.

मग मी उभा राहिलो आणि खड्डा म्हणजे फडताळ, पुरला म्हणजे ठेवला, असं सविस्तर समजावलं. साहेबांनी मान डोलावत ऐकून घेतलं. ते म्हणाले, “ठीक आहे. खड्डा नाही असं धरू. पण कचरा तर आहे. व्याख्या स्पष्ट आहे : ज्या द्रव्यासाठी वेष्टन बनवलं ते द्रव्य संपलं की वेष्टन कचरा होतं. धुतल्याने त्याचा दर्जा बदलत नाही.”

आई मागे बाकावर बसली होती. ती म्हणाली, “साहेब, तुमची पेनं ज्या डब्यात ठेवलीत, त्यात आधी काय होतं?”

साहेबांनी टेबलावरच्या पत्र्याच्या डब्याकडे पाहिलं. त्यावर बिस्किटाचं चित्र होतं. त्यांनी डबा हलकेच फिरवून चित्र भिंतीकडे केलं. “ते कार्यालयीन आहे,” ते म्हणाले.

“बरं. आणखी एक विचारू? घरातून काय बाहेर जातं त्याचं तुम्ही वजन करता. घरात काय येतं, त्याचं कुणी करतं का?”

“तो विषय आमच्याकडे नाही, आजी. ते खातं वेगळं.”

“कोणतं?”

साहेबांनी कारकुनाकडे पाहिलं. कारकुनाने एक जाड वही चाळली. “अजून स्थापन व्हायचंय,” तो म्हणाला.

आदेश तिथेच मिळाला. साहेबांनी मोठ्या मनाने मागलं सगळं माफ केलं आणि फक्त शेवटच्या तीन महिन्यांचा थकीत कचरा मागितला. तेहेतीस किलो. पंधरा दिवसांत निळ्या डब्यात जमा करायचा. नाही केला तर पथक येणार, फडताळ उपसणार, त्यातलं एकेक सामान गल्लीत मांडून पंचनामा करणार, आणि कोपऱ्यावरच्या फलकावर आमच्या घराचा क्रमांक ‘असहकारी घर’ म्हणून लागणार.

घरी परतल्यावर आई जेवली नाही. मागल्या खोलीत जाऊन तिने फडताळाची दारं उघडली आणि खणावरून हात फिरवत उभी राहिली. मी दाराशी गेलो.

“बाळ,” ती म्हणाली. मला आता पन्नास पूर्ण होतील, पण तिला काही फार मागायचं असलं की ती मला बाळ म्हणते. “एवढं होऊ देऊ नकोस रे. परक्या माणसांनी यायचं, चारचौघांत माझं सामान उपसायचं... नको. तू लिहिण्या-वाचण्यातला आहेस. काहीतरी कर.”

“करतो,” मी म्हणालो. शब्द दिला. देताना पोटात खड्डा पडला. त्याची खोली कुणी मोजली नाही.

दुसऱ्या दिवशी मी खोकेकाकांकडे गेलो. त्यांची अडचण आमच्या बरोब्बर उलटी होती. घरटी वीस किलोच्या वर कचरा गेला की डब्याला लाल पट्टी लागते, आणि काकांच्या डब्याला पट्ट्यांची वेणी घालता आली असती. परवा त्यांनी नखं कापायचं यंत्र मागवलं, ते वॉशिंग मशीन मावेल एवढ्या खोक्यातून आलं.

“अरे, ने ना!” काका म्हणाले. “हवं तेवढं ने. उलट तूच माझ्यावर उपकार करतोयस.”

मी रोज संध्याकाळी त्यांच्याकडची खोकी, फुगे-फुगेवाला प्लास्टिकचा कागद, पुठ्ठे, थर्मोकोल आमच्या निळ्या डब्यात नेऊन टाकू लागलो. मांजराने नाराज होऊन जागा बदलली. पाच दिवसांत मामला निकाली निघेल असा माझा अंदाज होता. मी त्यात आईला धरलं नव्हतं.

आई रोज सकाळी पाय मोकळे करायला खाली उतरते. घंटागाडी त्यानंतर तासाभराने येते. पहिल्याच सकाळी तिने डब्याचं झाकण उचकटलं आणि हरखून गेली.

“अगं बाई! ही एवढी कोरी खोकी टाकली कुणी?”

मी उठेपर्यंत तिने सगळी वर आणली होती. पुठ्ठे झटकले, प्लास्टिक धुतलं, दोरीवर चिमट्यांनी वाळत घातलं. गेल्या कित्येक वर्षांत मी तिला इतकी खूश पाहिली नव्हती. मी टाकायचं आणि तिने उचलायचं, असा आमचा क्रम सुरू झाला. तिला सांगायची सोय नव्हती. सांगितलं असतं तर काकांना लाल पट्ट्यांतून सोडवायला तिने त्यांच्या घरातलीही सगळी खोकी वर आणली असती. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं! दहाव्या दिवशी फडताळ ओसंडलं. पलंगाखाली खोकी, खुर्चीवर खोकी, न्हाणीघराच्या दाराला फुग्यांच्या कागदाची गुंडाळी. येता-जाता कुणाचा धक्का लागला की फटाफट आवाज. निळ्या डब्याचं वजन शून्य.

“तुम्ही कचरा आणताय आणि त्या कचरा संपवतायत,” बायको म्हणाली. “नगरपालिकेने खरं तर आईंना नोकरी द्यायला हवी.”

तेराव्या दिवशी मी ठरवलं. म्हणजे ठरवलं असं मी आता म्हणतो. तेव्हा मी फक्त घाबरलो होतो. पथकाने चारचौघांत उपसण्यापेक्षा घरच्या माणसाने गुपचूप उपसलेलं बरं, असा विचार मी केला आणि तो मला फार समंजस वाटला. बायकोला सांगितलं.

“मी हात लावणार नाही,” ती म्हणाली. “मी त्यांना उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेते. तुम्हाला काय करायचंय ते करा, आणि मला सांगू नका.”

चौदाव्या दिवशी सकाळी दोघी गेल्यावर मी दार लावून घेतलं आणि वजनकाटा मागल्या खोलीत नेला. आधी काकांची खोकी काढली. दिसायला डोंगर, वजनाला पिसं. जेमतेम सात किलो. मग बरण्यांकडे वळलो.

तोवर मला ठाऊक नव्हतं की प्रत्येक झाकणाच्या आतल्या बाजूला आईने पेन्सिलीने लिहून ठेवलंय. बारीक अक्षर, पुसट. ‘नवं घर, पहिला महिना.’ ‘ह्यांचं औषध, मधातून.’ ‘सूनबाई आली तेव्हाचा जॅम.’ मी वाचायचं नाही असं ठरवून वाचत राहिलो आणि बरण्या पोत्यात भरत राहिलो. स्वतःच्याच घरात चोर शिरल्यासारखं वाटत होतं, आणि चोर दुसरा कुणी नव्हता.

सगळं भरून झालं तेव्हा काटा बत्तीस किलो आठशेवर थांबला. खणात एकच बरणी उरली होती. कॉफीची, जाड बुडाची. झाकणात लिहिलं होतं : ‘बाळाची दहावी.’ रात्ररात्र जागून अभ्यास करायचो तेव्हा ती मला ह्यातली कॉफी करून द्यायची. ही एवढी ठेवावी, असं मनापासून वाटलं. पण आदेश तेहेतीसचा होता, आणि मी आयुष्यात कधी आदेशापेक्षा दोनशे ग्रॅम कमी भरलेलं नाही.

घंटागाडीच्या हाताने डबा उचलला. काच फुटल्याचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला. मिनिटभरात माझ्या मोबाइलवर संदेश आला : ‘अभिनंदन! आपण एक जबाबदार नागरिक आहात.’ पुढे हसरा पिवळा चेहरा. मी वर आलो आणि फडताळाचे सगळे खण ओल्या फडक्याने पुसून काढले. का पुसले, कुणास ठाऊक.

आई दुपारी परतली. डोळ्यांत औषध घातलेलं होतं, अंधुक दिसत होतं. तरी तडक मागल्या खोलीत गेली. औषधाचं रिकामं खोकं तिच्या हातात होतं. दारं उघडल्याचा आवाज आला. मग रिकाम्या खणांवरून हात फिरल्याचा.

“पथक येऊन गेलं का रे?” तिने आतूनच विचारलं.

“हो,” मी म्हणालो.

“चारचौघांत उपसलं?”

“नाही. कुणाला कळलंसुद्धा नाही.”

“मग बरं.” ती बाहेर आली, पदराने डोळे टिपले. औषधाचं पाणी असेल. “खण पुसूनही गेले. भली माणसं म्हणायची.”

एवढंच. पुढे तिने तो विषय कधी काढला नाही. त्यापेक्षा तिने माझ्या श्रीमुखात दिली असती तर बरं झालं असतं.

त्या दिवसापासून आई चौथी सूचना पाळू लागली. एकदा एखादी गोष्ट मनावर घेतली की ती अर्धवट सोडत नाही. रिकामी झालेली वस्तू धुतली, वाळवली, टाकली. मग अर्धी झालेलीही. मग छत्री, जिची एकच काडी मोडली होती. मागे पडणारं घड्याळ. मला विणलेला स्वेटर, कोपर विरलेला. एरवी तो तिने दोन संध्याकाळी बसून रफू केला असता.

“आई, हा राहू दे ना.”

“वापरात आहे का?”

“आत्ता थंडी कुठेय?”

“मग झालं तर,” म्हणून ती खाली उतरली. बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि पोळपाट-लाटणं आत नेऊन ठेवलं.

वर्षअखेरीस नगरपालिकेने आम्हांला ‘आदर्श कुटुंब’ जाहीर केलं. निवड संगणकाने केली होती. कुणाच्या कचऱ्यात किती टक्के वाढ झाली ते त्याने काढलं; लाल पट्ट्यांचं खातं वेगळं. आमची वाढ शून्यावरून झालेली असल्यामुळे टक्केवारी निघेना, म्हणून त्याने ती अनंत दाखवली. अनंत टक्के वाढ असलेलं शहरात एकच घर होतं. खोकेकाका दुसरे आले आणि मनात खट्टू झाले.

सभागृह खचाखच भरलं होतं. वर्गीकरण अधिकाऱ्यांनी भाषण केलं. प्रबोधनाने एका वृद्ध नागरिकात कसं परिवर्तन घडतं, ते त्यांनी अगदी गहिवरून सांगितलं. निरीक्षकबाई शेवटच्या रांगेत खाली मान घालून बसली होती. आई मंचावर गेली, नमस्कार केला, बक्षीस घेतलं आणि एक शब्दही न बोलता खाली उतरली. लोकांना तिचा विनय आवडला. टाळ्या थांबेनात. मीही वाजवल्या.

घरी आल्यावर तिने बक्षीस उघडलं. वरचा चमचमता कागद, आत पुठ्ठ्याचं खोकं, आत थर्मोकोल, त्यात पारदर्शक पिशव्यांत एकेक गुंडाळलेल्या सहा काचेच्या बरण्या. कोऱ्या करकरीत, रुंद तोंडाच्या. तिने कागद टाकला, खोकं टाकलं, थर्मोकोल टाकला, पिशव्या टाकल्या. मग बरण्या उचलल्या.

“आई, अगं, त्या नव्या आहेत!”

“दोन किलो भरतील,” ती म्हणाली.

मी तिच्या हातून त्या काढून घेऊ शकलो असतो. घेतल्या नाहीत. महिना संपत आला होता आणि आम्हांला दीड किलो कमी पडत होते.

नव्या वर्षाचं पत्र पहिल्याच आठवड्यात आलं. आदर्श कुटुंबाकडून आदर्शाची अपेक्षा असते. आमचं प्रमाण आमच्याच सर्वोत्तम महिन्याच्या दहा टक्के वर नेलं होतं. मी घरभर फिरून पाहिलं. टाकण्याजोगं काही उरलं नव्हतं. भिंती आणि आम्ही तिघं. मी डोक्याला हात लावून बसलो, तेव्हा आईने चपला घातल्या.

“उठ,” ती म्हणाली. “बाजारात जाऊ.”

दुकानात ती बरण्यांच्या मांडणीपाशी उभी राहिली आणि एकेक उचलून तळव्यावर तोलू लागली. आत काय आहे, ते ती वाचतही नव्हती. “ही नको, काच पातळ आहे. ही घे. आतलं थोडं, बूड जाड. आणि तो चहा घे, पत्र्याच्या डब्यात पुठ्ठा आणि पुठ्ठ्यात पिशवी आहे.” तिने अशा अठरा बरण्या निवडल्या. आतलं सगळं हिरव्या डब्यात जाईल, तिथलंही प्रमाण वाढवलंय. बरण्या निळ्यात. धुऊन, वाळवून.

गाडी ढकलत आम्ही रांगेत उभे राहिलो. पुढे खोकेकाका होते, त्यांच्या पुढे शेजारचे, आणि कोपऱ्यावरच्या घरातली सगळी मंडळी. सगळ्यांच्या गाड्या काठोकाठ. आईने सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि मला हळूच विचारलं, “ह्या सगळ्यांनाही पत्रं आली का रे?”

“नाही,” मी म्हणालो. “ही माणसं नेहमीच आणतात.”

आता हे वाचून तुम्ही म्हणाल, काय येडी माणसं आहेत! टाकायचंच होतं तर आणलं कशाला? प्रश्न रास्त आहे. उठा, आपलं कपाट उघडा, आणि गेल्या महिन्यात जे जे घरी आणलंत ते कशासाठी आणलंत, ते जरा स्वतःला सांगा बघू. आम्हांला निदान नोटीस तरी आली होती.